हरिहरचं लपण

शामला कऱ्हाडची, त्यामुळं नवऱ्याला तोंडावर बावळट म्हणायला तिला कधी आडपडदा लागला नाही. हॉलंडात आर्नहेमला येऊन नऊ वर्षं झाली तरी हरिहरला ऑफिसबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं. ओळखावं म्हणून तो फोटोग्राफी क्लबात शिरला. तिथंही तीन वर्षांत त्याचा एक फोटो भिंतीवर लागला नाही. यंदा रानहंस टिपायचेच, असं त्यानं घेतलं मनावर. मार्च सरला की हंस उत्तरेला जाणार. नदीकाठच्या बर्ट नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या रानात एक शनिवार बसू दिलं. आता हवं होतं शिकारी वापरतात तसं घडीचं लपण, म्हणजे पाखरांना न दिसता आत बसायचा तंबू.

बर्टनं सांगितलंही होतं, "जड घे, बुटका घे. खुंट्या हातभर लांब, आणि दोऱ्या चारी बाजूंनी ताण."

"शेतकरी माणूस, त्याला काय डेटा कळतो!" म्हणत हरिहरनं एक्सेल उघडलं. सव्वीस तंबू, एकोणीस कॉलम. वजनाला तीस टक्के गुण, खिडक्यांना वीस, रंगाला दहा, वाऱ्याला पाच.

"अहो, इथला वारा सायकलसकट माणूस उलथवतो. त्याला पाच?"

"वेटेज कसं द्यायचं ते मला शिकवू नकोस."

निवडला तो अडीच किलोचा, काटकुळ्या काड्यांचा, पुरुषभर उंच. हॉलमध्ये गालिच्यावर मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि समोर टेबलफॅन तीनवर लावून हा वीस मिनिटं बघत बसला.

"पास!" म्हणाला शहाणा. सायकलवर ओझं नको म्हणून दोऱ्या घरीच ठेवल्या.

शनिवारी शामला थर्मास घेऊन मुद्दाम त्याच्या मागं गेली. बर्टशेजारी बांधावर उभी राहिली. उजाडता उजाडता थवा उतरला, तंबूपासून तीस पावलांवर. तेवढ्यात पहिलाच झोत आला. काडी कट्टकन मोडली, खुंट्या मुळ्यासारख्या उपटल्या आणि तंबू हरिहरच्या डोक्यावरून गडगडत थेट हंसांत घुसून पुढं पाण्याच्या चारीत पडला. शेकडो पाखरं एकदम उठली, ती परत वळली नाहीत. चिखलात स्टुलावर हरिहर तेवढा उरला, कॅमेऱ्यामागं एक डोळा मिटून.

"आता नाही बसायचे ते इथं," बर्ट म्हणाला. "सामान उचला. पुन्हा येऊ नका."

शामलानं गुडघाभर पाण्यात उतरून तंबू ओढून काढला. हरिहर काठावरून बघत होता.

"क्लबात काय सांगू गं?"

"कशाला सांगताय? कोण विचारतंय तिथं तुम्हाला?"