स्क्रीनला बोट लागतं

"टॅब खाली ठेव. फरशीवर."

मी ठेवला. वाकून ठेवला. ते वाकणं अजून पाठीत आहे.

मी पिण्याच्या पाण्याचे आरओ दुरुस्त करायचो. त्या दिवशी सिडकोतल्या एका काकूंचा आरओ खोलला, गाळ काढला, नवं कार्ट्रिज बसवलं. कंपनीचा सगळा कारभार टॅबवर. मशीनचा फोटो, पाण्याचं रीडिंग आणि शेवटी ग्राहकाची सही, स्क्रीनवर, बोटानं. सही नाही तर काम झालंच नाही. एका ग्राहकाची तक्रार माझ्या नावावर आधीच अर्धवट पडली होती. आणखी एक, की आयडी बंद. आयडी बंद म्हणजे नोकरी बंद.

तोवर मी 'बाळा' होतो.

"बाळा, गाव कुठलं?"

"पाचोड."

"अगंबाई! आमचं आजोळ तिकडचंच की."

सहीच्या चौकटीवर माझं पूर्ण नाव येतं. काकूंनी चष्मा लावला. आडनाव वाचलं. पुढं आलेलं बोट मागं गेलं. मग ते फरशीवर ठेवणं.

काकूंनी कान कोरायची कापसाची काडी आणली. वाकून स्क्रीनवर घासली. रेघ उमटेना. दुसरी आणली. तिच्यानंही नाही. स्क्रीनला जिवंत बोट लागतं.

"तूच कर माझी सही."

मी विचारलं, "काकू, आरओ ह्याच हातानं खोललाय. ते पाणी चालतंय का?"

काकू आत गेल्या आणि आरओचा नळ सोडून दिला. आख्खी टाकी सिंकमध्ये. ज्या शहरात आमची गल्ली ड्रम मांडून नळाची वाट बघत बसते, त्या शहरात. मी उभा राहून ऐकत होतो.

सुपरवायझरला फोन लावला.

"अय, तूच मार ना सही. सगळेच मारतेत. लई शाना झाला का?"

वाळूजच्या कारखान्यातल्या प्रेसमशीननं बापाची बोटं नेली. घरात कमावता मी एकटा. मी बोट चौकटीवर नेलं. एक रेघ ओढली असती तर सुटलो असतो.

'सही नाकारली' दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझं आडनाव वाचून ग्राहकानं स्क्रीनला हात लावला नाही. पाठवलं.

लगेच सुपरवायझरचा फोन. "ते खोड. ग्राहक घरी नव्हते असं टाक. आयडी वाचवतो तुझा."

"नाय खोडणार."

जिना उतरेपर्यंत आयडी बंद. टॅब शहागंजच्या ऑफिसात जमा केला. मोकळ्या हातानं घरी आलो. बापानं विचारलं, "सुट्टी दिली व्हय रं?"

मला धीर देऊ नका. धीरानं घर चालत नाही. ज्यांना माझ्या बोटाचा विटाळ होतो, त्यांची सही माझं बोट करणार नाही. उपाशी राहीन, करणार नाही. रकान्यातलं ते वाक्य आता पत्रकावर छापलंय. उद्या त्याच सोसायटीच्या गेटवर मी ते वाटणार आहे. प्रत्येकाच्या हातात, माझ्या हातानं.