मावशीचा न भाजलेला राब

रविवार उजाडला आणि ठरवलं, आज मावशीकडे जायचंच. आठवडाभर घास गोड लागत नव्हता. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी कर्जतला मास्तर होतो आणि आम्ही चार-पाच जण गावोगाव सभा घ्यायचो. भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर ऐनाच्या फांद्या नि पाला रचून राब भाजतात, त्यापायी डोंगर बोडका होतोय, ओढे शिमग्यालाच आटतायत. तेव्हा फांद्या तोडू नका, शेणखत घाला, असं आमचं सांगणं. लोक माना डोलवायचे आणि कोयते घेऊन डोंगरावर जायचे. ऐकलं एकट्या माझ्या मावशीनं. आता तिचं रोप फसलं, तर वर्षभर ती खाणार काय?

भिसेगावातल्या माझ्या खोलीवरून चालत कर्जत स्टँडवर, तिथून चौक गावची एसटी. पावसाळ्यात खिडकीशी बसू नये, झडप कधीच लागत नाही. चौकला उतरून ट्रकवाल्यांच्या गर्दीत भजी-पाव घेतला, पण अर्धा तसाच राहिला. पुढे तासभर पायवाट. चपला हातातच घ्याव्यात, नाहीतर चिखल ठेवून घेतो.

बांधावरून पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. मावशीचा तुकडा शेजारच्या भाजलेल्या राबांपेक्षाही हिरवागार!

"मावशे, जिंकलो की गं!" मी लांबूनच ओरडलो.

ती वाकलेलीच होती. "कसला जिंकतोस? निम्मं गवत हाय त्यात. राब भाजला का गवताचं बी जळतं. तुज्या सभंत ह्ये कुनी सांगितलं नाय?"

सांगणार कोण? मलाच ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आठ दिवस एकटी गवत उपटत होती. मीही तिच्या शेजारी बसलो आणि मूठभर उपटलं.

"अरं थांब रं! भात उपटलंस! पान खोडाला चिकटतं तिथं बग. बारीक पापुद्रा असला तर भात, नसला तर गवत."

त्यानंतर एकेक काडी डोळ्यांशी धरून पाहत होतो. अंगावर इरलं घेतलेले शेजारचे गोपाळकाका बांधावर थांबले. "मास्तर, डोंगर वाचला, पर तुमच्या मावशीची कंबर गेली."

"तुजं रोप उरलं तर दे मला," मावशी त्यांना म्हणाली. "नुसतं बोलू नको."

दुपारी तिनं भाकरी नि सुकटीची चटणी वाढली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मला तिच्याकडे बघवेना. संध्याकाळच्या गाडीनं परतलो तेव्हा अर्धा तुकडाही साफ झाला नव्हता.

घरी आल्यावर कितीतरी दिवस पाऊस पडला की गवताचीच धास्ती वाटायची. आषाढ सरता सरता गोपाळकाका बाजाराला आले, तेव्हा निरोप कळला. त्यांनी उरलेलं रोप दिलं होतं, तरी गवतानं मारलेलं रोप पुरलं नाही आणि मावशीचं एक खाचर लावणीविना रिकामं राहिलं. त्या एका खाचराचं भात माझ्या अर्धवट शहाणपणानं गेलं होतं.

"आनिक मावशीनं सांगितलंय," काका म्हणाले, "डोंगरावरचं ऐन पुढल्या सालीबी तोडायची नाय. पर तू रजा काढून गवताला यायचं."