शेऱ्याचा रकाना

बावीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘पट्टी’ म्हणत. नाव अगदी शोभून दिसायचं. हेडमास्तरांच्या नातवाला नापास करताना बाईंनी एका गुणाचीही सूट दिली नव्हती. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला विसरला, तर गर्दीतून वाट काढत त्या स्वतः त्याला गाठायच्या.

हा सरळपणा थोरल्या बहिणीकडून आलेला. आई गेली तेव्हा बाई पाच वर्षांच्या आणि ताई वीसची. ताईने लग्नाचा विचार गुंडाळून ठेवला आणि कपडे रंगवायचा धंदा धरला. विटलेले पडदे, चादरी, शाळेचे गणवेश. स्टोव्हवर मोठ्या पातेल्यात रंग उकळायचा, काठीने ढवळत बसायचं. तिच्या बोटांचा जांभळा रंग पुढे कधी सुटलाच नाही. त्या पातेल्यावर बाई शिकल्या, मास्तरीण झाल्या. ताई म्हणायची, “मी जन्मभर रंगात बरबटले, पण तुझ्यावर शिंतोडा उडू दिला नाही.”

एका वर्षी सरकारने सवलतीच्या रॉकेलचा हिशेब मांडला आणि डोक्याला हात लावला. तिजोरीतून पैसा पाण्यासारखा जात होता आणि निम्मं रॉकेल गरिबाच्या स्टोव्हपर्यंत पोचतच नव्हतं. वाटेतच त्याला पाय फुटायचे, डिझेलमध्ये मिसळलं जायचं. बाईंच्या डोळ्यांसमोर एका दुमजली घराचा मालक रेशन कार्डावरचं रॉकेल जनरेटरमध्ये ओतायचा. म्हणून घरोघर जाऊन रॉकेलच्या याद्या तपासायचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं, तेव्हा बाकीचे कुरकुरले, बाई नाही. लोकांचा पैसा लोकांच्याच कामी यावा, यात वाईट काय?

फॉर्मवर अकरा प्रश्न होते. फ्रिज, मोटार, पक्कं घर, असं एक जरी ‘होय’ निघालं, तरी नाव बाद.

ताईची खोली बाईंच्याच वाट्याला आलेल्या वॉर्डात होती. बाई गेल्या तेव्हा ताई भिजलेली चादर पिळत होती.

“विचार बाई, विचार. सरकार दारात आलंय माझ्या!”

“फ्रिज आहे?” बाईंनी विचारलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. कोणाकडून तरी जुना घेतलेला फ्रिज तिथे उभा होता. सहा वर्षांपूर्वी बंद पडलेला. ओल लागू नये म्हणून ताई त्यात रंगाच्या पुड्या ठेवायची.

“हा काय, ढिम्म उभा आहे.”

“पण चालत नाही.”

“चालतो का, असं विचारलंय?”

“नाही. आहे का, एवढंच.”

“मग आहे म्हण. खोटं लिहिलंस तर बघ, कान पिळीन.” ताई हसली.

बाईंचं पेन क्षणभर अडलं. मग त्यांनी ‘होय’वर खूण केली आणि शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘फ्रिज पूर्णपणे नादुरुस्त. अर्जदारास रॉकेलची नितांत गरज.’ आपण खरंही लिहिलं आणि बहिणीलाही सांभाळलं, अशा समाधानात त्या बाहेर पडल्या.

दोन महिन्यांनी ताईचं कार्ड बंद झालं.

बाई कचेरीत गेल्या. कारकून बिचारा भला होता. “बाई, शेऱ्याचा रकाना संगणकात भरतच नाहीत.”

“मग कागदावर ठेवलाय कशाला?”

“कागद जुने छापलेले होते. वाया कशाला घालवायचे?”

दुरुस्तीचा अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर, मग साहेबांची बदली, मग नवीन साहेबांना फाइल सापडेना. बाईंनी हेलपाटे घालून चपला झिजवल्या. मधल्या काळात त्या बाजारभावाचं रॉकेल घेऊन ताईकडे गेल्या, तर ताईने डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. “तुझ्या पगारावर धंदा करू? माझं मी बघते.”

तिचं ती बघत होती म्हणजे काय, ते बाईंना उशिरा कळलं. मागच्या सुतारखान्यातून ती रंग दिलेल्या फळ्यांचे तुकडे, प्लायवूडच्या पट्ट्या आणून जाळत होती. एकच खिडकी असलेल्या खोलीत. खोकला लागला तो बहिणीपासून लपवत राहिली. एका रविवारी बाई अचानक गेल्या, तेव्हा ती काठी धरून भिंतीला टेकली होती आणि पातेल्यातलं पाणी उकळून आटत आलं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, “या जाळत काय होत्या?”

त्याच महिन्यात शिक्षकांचा सत्कार झाला. सर्वांत जास्त बोगस नावं बाईंच्या वॉर्डात सापडली होती. प्रमाणपत्र हातात देताना अधिकारी म्हणाले, वाचलेल्या पैशातून शहराला नवा पूल मिळणार. बाई माइकपाशी थांबल्या. “त्या बोगस नावांत माझी बहीण आहे. ती बोगस नाही.”

“वैयक्तिक बाब आपण नंतर बघू,” अधिकारी म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते बाईंना समजलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे त्या मुलांना वाक्यात उपयोग करायला देत आल्या होत्या.

ताईला त्यांनी घरी आणलं. तीन महिने ती बाईंच्या पलंगावर होती. एका दुपारी, ताई उशीला टेकून बसलेली असताना, बाई म्हणाल्या, “ताई, मी खरं लिहिलं गं.”

ताईला दम लागला होता. थांबत थांबत ती बोलली. “मी थट्टेत म्हणाले होते. मला वाटलं, तू नाही लिहिणार.”

एवढंच. त्यात राग नव्हता, म्हणून तर ते सोसवेना. चार दिवसांनी ती गेली.

त्यानंतर बाई दर शनिवारी शाळा सुटली की कचेरीच्या पायरीवर बसू लागल्या. कार्ड बंद झालेल्यांचे अर्ज लिहून द्यायच्या, त्यांच्याबरोबर खिडक्या फिरायच्या. काही कार्डं परत सुरू झाली, बरीच झाली नाहीत. एकदा एक शिवणकाम करणारी म्हातारी परत सुरू झालेलं कार्ड घेऊन आली आणि बाईंचे हात धरून म्हणाली, “तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार म्हणू नका, आजी,” बाई म्हणाल्या. “बंदही मीच केलं होतं.”

म्हातारीने हात सोडले. मग आपला रिकामा डबा उचलून पायऱ्या उतरून गेली.