अमेरिका बिनविरोध

अमेरिकेतल्या एका राज्याची कृषी सचिवपदाची निवडणूक आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, सकाळचा चहा निवायच्या आत बिनविरोध करून टाकली होती. अमेरिकेला ते कळवायचं तेवढं राहिलं होतं.

उमेदवार होती आमची मंगलताई. माझे थोरले चुलते आप्पा, त्यांची ही एकुलती एक लेक. करमाळा तालुक्यातल्या केम गावातून ती शेतकी कॉलेजात गेली, तिथून पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेली आणि तिकडचीच होऊन राहिली. मी आज सोलापुरात इंग्रजीचा शिक्षक आहे तो निव्वळ तिच्यामुळे. दहावीनंतर मी शेळ्यांमागे जायचं हे घरात ठरलेलं होतं (शेळ्यांनाही ते मान्य होतं). ताईनं मला हाताला धरून केमच्या स्टेशनावर नेलं, गाडीत बसवलं आणि सोलापूरच्या कॉलेजात आणून उभं केलं. त्यामुळे ताईसाठी काही करायची वेळ आली की माझा ऊर भरून येतो आणि डोकं रिकामं होतं.

त्या दिवसांत आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यात अख्ख्या जगाविषयी संशय. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला होता, म्हणून मी त्यांना ताईच्या निवडणुकीची माहिती द्यायला बसलो.

"सचिव निवडून येतो?" आप्पांनी विचारलं. "आपल्याकडं सचिवाच्या दाराभाईर बसावं लागतं की."

"तिकडे काही राज्यांत लोकच निवडतात, आप्पा. गव्हर्नर निवडतात, खजिनदार निवडतात, हिशेब तपासणारा अधिकारीसुद्धा मतं मागून येतो."

"हिशेब तपासणारा?" आप्पा उठून बसले. "आन् मतं कुणाकडं मागतो? ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याकडंच?"

मला उत्तर येत नव्हतं. मी शिक्षक असल्यामुळे विषय बदलला.

"विरोधात कोण हाय?" आप्पांनी मुद्द्याला हात घातला.

"एकच जण आहे. डेल म्हणून."

"एकच?" आप्पांचा उघडा डोळा चमकला. "आरं मग लढाय कशाला पायजे? बसवून टाकू की त्याला!"

आता हे समजून घ्यायला हवं की आप्पा आमच्या पंचक्रोशीत 'बसवण्या'साठी प्रसिद्ध होते. ग्रामपंचायत असो, दूध सोसायटी असो, समोरच्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, पहिल्यांदा पाऊसपाण्याचं बोलायचं, मग म्हातारीच्या गुडघ्याचं, आणि निघताना उंबऱ्यावर उभं राहून म्हणायचं, "मग, अर्ज काढून घेतोस न्हवं?" माणूस अर्ज काढून घ्यायचा. आप्पांच्या मते निवडणूक लढवायची वेळ येणं म्हणजे मोठ्या माणसांना गाव सांभाळता न येणं.

मी डेलचा फोटो मोबाईलवर दाखवला. रुंद टोपी, तांबडा चेहरा आणि काखेत मेंढा.

"मेंढरंवाला हाय व्हय!" आप्पा खूश झाले. "मग आपलाच माणूस. लाव फोन."

"आप्पा, असं तिकडे चालत नाही."

"माणसं हाईत का न्हाईत तितं?"

"आहेत."

"मग चालतंय."

स्वयंपाकघरातून माझी बायको सुनीता बाहेर आली. "अहो, आधी ताईंना तरी विचारा."

"तिला कशाला?" आप्पा म्हणाले. "उमेदवारानं ह्यात पडायचं नसतं. ते बापाभावांचं काम असतंय. आन् दत्ता, तुला मंगलनं इंग्रजी शिकीवलं ते कशासाठी? पोरांस्नी कविता घोकायला लावाय?"

झालं! नेमकं दुखऱ्या जागी बोट. आणि दुर्दैव असं की डेलच्या वेबसाईटवर त्याचा नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'केव्हाही फोन करा, मी स्वतः उचलतो.' अमेरिकेतली माणसं दिलेला शब्द पाळतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण इतक्या काटेकोरपणे पाळत असतील असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या रिंगला डेलनं स्वतः फोन उचलला!

आमच्याकडे सकाळ होती, त्यांच्याकडे आदल्या दिवशीची रात्रीची जेवणं उरकली होती. मी उभा राहिलो (फोनवर उभं राहायची गरज नसते, पण परदेशी माणसाशी बसून बोलायचा धीर होईना). मी सोलापूरहून, उमेदवाराचा धाकटा भाऊ बोलतोय, असं सांगितलं. मग आप्पांच्या सूचनेप्रमाणे पाऊसपाण्याची चौकशी केली. डेल म्हणाला, पाऊस यंदा बेताचाच आहे.

"पाऊस कमी आहे म्हणतोय," मी आप्पांना कुजबुजलो.

"बग! म्हनलं न्हवतं, आपलाच माणूस हाय. आता म्हातारीचं इचार."

डेलची आई ठीक होती. तिचा गुडघा मात्र खरोखरच दुखत होता. आप्पांनी निरगुडीचा पाला बांधायला सांगितला. निरगुडीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून मी 'एक अत्यंत उपयुक्त झुडूप' असं सांगून वेळ मारून नेली. एवढं झाल्यावर आप्पांनी अटी सुरू केल्या आणि मी, व्याकरणात एकही चूक न करता, त्या अमेरिकेत पोचवल्या.

मुदत चार वर्षांची. पहिली दोन ताईची, मग ताई राजीनामा देणार आणि उरलेली दोन डेलरावांची. पुढच्या खेपेला आमचं घराणं त्यांच्या पाठीशी उभं राहणार. शब्द म्हणून करमाळ्याच्या कमळाभवानीपुढे बेलभंडारा उचलू. त्यांना यायला जमत नसेल तर त्यांच्या वाटणीचाही आप्पाच उचलतील. आणि अर्ज काढून घेतला त्या दिवशी डेलरावांच्या सगळ्या कार्यकर्त्यांना बोकडाचं जेवण.

मग डेलनं सावकाश विचारलं, "हे तुम्ही कुणाच्या वतीनं बोलताय?"

"उमेदवाराच्या संपूर्ण कुटुंबाच्या वतीनं!" मी अभिमानानं सांगितलं.

"असं होय," डेल म्हणाला. "मला जरा विचार करू द्या."

फोन ठेवला. "विचार करतो म्हणाला," मी आप्पांना सांगितलं.

"इचार करतो म्हनला?" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बसला म्हन की! ज्याला बसायचं नसतंय त्यो शिव्या देतो. इचार करतो म्हनल्याला माणूस आमी आजपातूर उठल्याला बघितला न्हाय."

मी शाळेत गेलो. दिवसभर मुलांवर ओरडलो नाही, इतकं मन भरलं होतं. ताईचे उपकार आज थोडे तरी फिटले!

इकडे आप्पांनी केमला फोन केला होता. संध्याकाळपर्यंत केमात फटाके वाजले, गुलाल उधळला, पेढे वाटले आणि स्टेशनजवळच्या चौकात बोर्ड लागला: 'केमच्या सुकन्या मंगलताई अमेरिकेत बिनविरोध!' खाली बोर्ड लावणाऱ्या तेरा शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले फोटो होते. ताईचा फोटो कोपऱ्यात, शाळेतला, दोन वेण्यांचा.

बोर्डाचा फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, ग्रुपवरून सात समुद्र ओलांडून ताईकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ताईचा फोन आला.

"दत्ता, मी बिनविरोध कशी झाले रे?"

मी सगळं सांगितलं. बोकडापाशी पोचलो तेव्हा ताई ओरडली.

"अरे शहाण्या, समोरच्या उमेदवाराला काहीतरी देऊ करून माघार घ्यायला सांगणं हा इथं गुन्हा आहे! गुन्हा! आणि तू 'कुटुंबाच्या वतीनं' म्हणालास?"

"संपूर्ण कुटुंबाच्या," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

"उद्या सकाळी आमच्या वकीलबाईंशी बोलायचं. त्या विचारतील तेवढंच सांगायचं. आणि आप्पांच्या हातात फोन द्यायचा नाही!"

वकीलबाईंनी मला विचारलं की मी प्रचारात कोणत्या हुद्द्यावर आहे. मी म्हणालो, भाऊ. त्यांनी विचारलं, या फोनची कल्पना उमेदवाराला होती का? मी म्हणालो, उमेदवारानं यात पडायचं नसतं. त्या म्हणाल्या, हे वाक्य पुन्हा कुठेही बोलू नका. मग त्यांनी शांतपणे समजावलं की डेलनं तक्रार केली तर ताईची उमेदवारी अडचणीत येऊ शकते. नाही केली आणि नुसतं जाहीरपणे बोलला, तरी मतं जातील.

तिथून माझं अन्न गोड लागेना. वर्गात 'जर-तर'ची वाक्यं शिकवताना मला तुरुंगाचीच उदाहरणं सुचायची. अमेरिकेचे पोलीस मला न्यायला येतील असं वाटून दाराची बेल वाजली की मी मोरीत जायचो.

"अहो, तुमच्याकडे पासपोर्ट कुठाय?" सुनीतानं धीर दिला. "तुम्हाला न्यायचं तर आधी त्यांनाच तो काढून द्यावा लागेल. पोलीस पडताळणीलाच वर्ष जाईल."

आप्पांना मात्र वेगळीच काळजी होती. "डेलरावाचा निरोप कसा आला न्हाय? बोकड बारका वाटला का काय त्याला?"

मग आला दोन्ही उमेदवारांच्या वादसभेचा दिवस. ती मोबाईलवर दिसणार होती. आमच्या सकाळी मी, सुनीता आणि पट्टी उतरलेले आप्पा डोक्याला डोकी लावून बसलो. खतांवर बोलणं झालं, जनावरांच्या रोगांवर झालं. मी मनात कमळाभवानीला नवस बोलत होतो. (बोकडाचा नाही! बोकडाचं नाव काढायची मला भीती बसली होती.) एवढ्यात डेलनं टोपी सरळ केली आणि म्हणाला, "मध्यंतरी मला भारतातून एक फोन आला."

माझ्या हातातून मोबाईल पडला. सुनीतानं उचलला. तोवर डेलचं निम्मं सांगून झालं होतं आणि सभा खदखदा हसत होती. "बेचाळीस वर्षं शेती करतोय," डेल म्हणत होता, "पण कुठल्या राजकारण्याच्या माणसानं माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. मी तक्रार करणार नाही. पण लोकहो, बोकड मी नाकारलाय, हे लक्षात ठेवा!"

आता सगळे ताईकडे बघत होते. मी डोळे मिटले.

"माझ्या गावात भांडण टाळायला मोठी माणसं अशीच बसतात," ताई म्हणाली. "इथं ते चालत नाही, आणि माझ्या भावाची चूकच झाली. पण तो मनानं सरळ आहे. त्याला कॉलेजात मीच घातलं होतं, तेव्हा राहिलेल्या शिक्षणाचा दोष माझा."

टाळ्या पडल्या. मला रडू आलं. आप्पा म्हणाले, "पोरगी बोलती बरी. पण जमत आल्यालं मोडलं तिनं. त्यो बसत आला होता."

मतमोजणीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तक्रार टळली होती, पण ती हसणारी सभा डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या हसण्यात ताईची किती मतं वाहून गेली असतील? जिनं मला घडवलं तिला मी बुडवलं! निकालाच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. सकाळी साडेनऊच्या सुमारास ताईचा फोन आला.

"पडले रे," ती म्हणाली. आवाज दमलेला होता, पण जड नव्हता.

"ताई, माझ्यामुळे…"

"तुझ्यामुळे? अरे, जवळजवळ दुपटीनं पडले! या राज्यात आमच्या पक्षाकडे शेतीखातं माझ्या आठवणीत कधी आलेलं नाही. उभं राहायला कुणी तयारच नव्हतं, म्हणून माझ्या गळ्यात घातलं. मला माहीत होतं पडणार. पण समोर कुणीतरी असावं ना? मी नसते तर डेल आपसूक बिनविरोध आला असता."

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी हे ऐकलं आणि दोन्ही धडधाकट डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "ही निवडणूक बिनविरोधच होती, आन् ती मोडली आपल्या मंगलनं? आरं दत्ता, आपुन चुकीच्या माणसाला बसवत होतो की रं!"

ताई तिकडे पोट धरून हसायला लागली. मी हसलो नाही. मी मनात हिशेब करत होतो. महिनाभर झोप नाही, वजन उतरलं, बेल वाजली की मोरीत. आणि निकाल काय? माझी एवढी मोठी चूक त्या मतांच्या ढिगाऱ्यात कुठे दिसतसुद्धा नव्हती.

सोलापुरात बसून अमेरिकेतली एक निवडणूक बुडवणारा मी पहिला माणूस ठरलो असतो. तेवढंही माझ्या हातून धड झालं नाही!