सासूबाईंची वही दिनांला जाते

फ्रान्समधल्या दिनां या गावात कोण कुठल्या गल्लीत राहतं हे तिथल्या पोस्टमनपेक्षा आमच्या साडूंना जास्त ठाऊक आहे, आणि आमचे साडू राहतात तिथून अर्ध्या जगापलीकडे, पासिर रिसला, नवव्या मजल्यावर. सेम्बावांगच्या गोदीत जहाजांचे सांधे ठोकून तपासण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने ठोकून तिचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. माझ्या लग्नात त्यांनी चौरंग ठोकला होता, आणि मग जरा वेळ माझ्याकडेही तसंच पाहिलं होतं. निवृत्तीनंतर कुठल्याशा माहितीपटात त्यांना हे मध्ययुगीन गाव दिसलं: दगडी तट, पुढे झुकलेली लाकडी घरं, नदीकडे उतरणारी खडी गल्ली आणि तिच्यात हातानं काम करणारे कारागीर. झालं! रोज सकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत खांबाखांबाशी थांबून ते "हा घड्याळाचा मनोरा, इथून खाली विणकर" असं सांगत चालायचे. आठवडाभर वन-नॉर्थच्या ऑफिसात खुर्चीत बसून पोट वाढवणारा मी रविवारी त्यांच्यामागून धापा टाकत मध्ययुगात हिंडायचो. शेवटी त्यांची मुलगीच कंटाळून इथल्या बोलीत म्हणाली, "पपा, जस्ट गो लाह."

जायला निमित्त झालं सासूबाईंच्या वहीचं. आमच्या दोघांच्या सासूबाई आता नाहीत, पण त्यांच्या हातची आरत्यांची वही आहे. गणपतीत ती उघडली की हळदीचे डाग पडलेली चार पानं तरी मांडीवर गळायची. ती दिनांच्या बुकबाइंडरकडूनच शिवून आणायची, असं साडूंनी जाहीर केलं. दोघी बहिणी एकदम नाही म्हणाल्या. इथे काय दुकानं नाहीत? "इथे डिंक लावतात," साडू म्हणाले, "तिकडे शिवतात." महिनाभर धुसफूस होऊन ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, वही काढून दिली ती माझ्याकडे बघत. "एक पान जरी कमी आलं, तर गणपतीत तुम्ही दोघं खालच्या हॉकर सेंटरच्या ठेल्यांवर जेवा."

दिनांला पोचल्यावर साडूंनी दिसेल ती तुळई ठोकली. आवाज ऐकून एका घराची मालकीणच दार उघडून बाहेर आली. साडूंनी आठ महिने फोनवर शिकलेल्या फ्रेंचमध्ये इतकी लांबलचक माफी मागितली, की बाईंनी दमून आम्हाला कॉफी दिली.

बुकबाइंडर साठीच्या बाई होत्या. झोपलेल्या बाळाची दुपटी बदलावीत तशी त्यांनी वहीची पानं उलटली आणि पुढ्यात कव्हरसाठी नमुने ठेवले. साडूंनी एक तपकिरी चामडं ठोकलं. आवाज येईना, म्हणून गालाला लावून मला म्हणाले, "लोणी आहे हो, साडूभाऊ." पसंत! मी उगीच, काही तरी विचारायचं म्हणून, खुणेनं विचारलं की हे कुणाचं? बाईंनी दोन बोटं कपाळावर शिंगांसारखी धरली, आणि मग तळहात खाली नेत गुडघ्याशी आणला. लहान. वासरू.

साडूंचा गाल तसाच कललेला राहिला, चामडं मात्र हातातून गळालं. सासूबाईंच्या आरत्या वासराच्या कातड्यात बांधून आम्ही पासिर रिसला परतणार होतो! आठ महिन्यांचं फ्रेंच त्या क्षणी त्यांना सोडून गेलं. त्यांनी नुसतं पहिलं पान उघडलं, सासूबाईंनी निळ्या शाईत काढलेला गणपती दाखवला आणि हात जोडले. बाईंनी गणपतीकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं, चामडं उचलून आत नेलं आणि जाडं लिननचं कापड आणलं. दोन्ही गाल फुगवून फुंकर मारत त्यांनी सांगितलं, की पूर्वी याची शिडं करत. साडूंनी ते ताणून ठोकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "चालेल. बोटीचं आहे, म्हणजे आपल्यातलंच."

तीन दिवसांनी वही मिळाली. हळदीचा एक डागही बाईंनी पुसला नव्हता.

घरी ताईंनी उभ्याउभ्याच पानं मोजली. कमी नव्हती. उलट शेवटी आठ जास्त होती, कोरी. ही कशाला, त्यांनी विचारलं. "त्या बाई म्हणाल्या, पुढे लिहाल," साडू म्हणाले.

गणपतीच्या आदल्या दिवशी दोघी बहिणी लिहायला बसल्या: गावच्या देवीची आरती, सासूबाईंना तोंडपाठ म्हणून त्यांनी कधी न लिहिलेली. तिसऱ्या कडव्यात एक ओळ दोघींना वेगवेगळी आठवत होती. दोघी हट्टाला पेटल्या, आणि माझी बायको सवयीनं म्हणून गेली, "थांब, आईलाच विचारू."

ताईंनी पेन खाली ठेवलं. साडूंनी वहीच्या पुठ्ठ्यावर हलकेच बोट वाजवलं.

"तेवढी ओळ मोकळी सोडा," ते म्हणाले.

ताईंनी सोडली. आता आरती त्या ओळीशी आली की दोघी बहिणी आपापली ओळ म्हणतात, आम्ही बाकीचे गप्प राहतो, आणि साडू बोटाच्या पेराने वहीवर ताल धरतात.