वहिनीने बोलावलेले पेशंट

माझ्या वहिनीला प्रश्न विचारायची खोड आहे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "ताई, फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो, हे कधी पाहिलंय तुम्ही?" मी कशाला पाहू? पण त्या दिवशी दार किलकिलं करून, फटीला डोळा लावून बसले खरी, आणि नेमका तेव्हाच माझा भाऊ स्वयंपाकघरात आला. अजून चिडवतो मला.

वहिनी दाताच्या दवाखान्यात कामाला आहे. दारातल्या टेबलाशी बसून नावं लिहायची, फोन घ्यायचे, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. डॉक्टरांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तिने दुरुस्तीवाल्याला इतकं भंडावलं, की तो हात जोडून म्हणाला, "बाई, याची वेगळी डिग्री असते. ती घ्या, पण मला सोडा." तो वैतागून बोलला होता. वहिनीने मात्र चौकशी केली आणि मुलगा नववीत असताना स्वतः आयटीच्या डिग्रीला नाव घातलं, संध्याकाळच्या वर्गात.

वर्गात सगळी विशीतली पोरं. त्यांनी तिचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं, आणि मग परीक्षा जवळ आली की तिच्याच वह्या मागायला लागली. घरी आम्हाला सुखाने जगू देईल तर शपथ. प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक हवा, असं शिकून आली आणि डब्यांवरची नावं काढून आकडे चिकटवले. भावाने साखर समजून चहात मीठ घातलं. बायकोच्या अभ्यासाला नावं ठेवायची नाहीत म्हणून तो तसाच प्यायलाही.

या सगळ्यात एकच माणूस गप्प होता, तिचे बाबा. घड्याळं दुरुस्त करून त्यांनी संसार केला. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबवलं तेही त्यांनीच. डिग्रीचं कळल्यावर "आता कशाला?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. नातवाची शाळा विचारायचे, जावयाची नोकरी विचारायचे. मुलीचं कॉलेज? छे! वहिनी जगाला प्रश्न विचारायची, पण मला मात्र एकच विचारायची, "पास झाले की विचारतील ना हो बाबा?" मी हो म्हणायचे आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्यावर चरफडायचे.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. दवाखान्यात लोक तासन्‌तास ताटकळतात, हे ती रोज बघायची. म्हणून तिने असा प्रोग्राम केला की 'पुढचा' असं बटण दाबलं की ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर मेसेज जावा. चाचणीसाठी पेशंट हवेत; खोटी माणसं आणि खोटे नंबर काही तिला सुचेनात. तिने आम्हा सगळ्या नातेवाइकांनाच यादीत घातलं, आमच्या खऱ्या नंबरांसकट, आणि प्रत्येकाला एकेक दुखणं देऊन टाकलं. मेसेज जाणं बंद ठेवूनच ती सगळं तपासायची, त्यामुळे आम्हाला कसलाही पत्ता नव्हता.

परीक्षेच्या सकाळी तिने मेसेज जाणं चालू केलं. बेत साधा होता. यादीत पहिली ती स्वतः. एकदा बटण दाबायचं, टेबलावरचा तिचा फोन वाजणार, बाहेरून आलेले परीक्षक खूश होणार. पण दारातच सगळ्या मुलांचे फोन काढून घेतले. तिने बटण दाबलं, पडद्यावर 'पाठवला' असं उमटलं, आणि खोलीत सगळं सामसूम.

"पाठवला असं तर कोणीही लिहील," परीक्षक म्हणाले. "पोचला कशावरून?" आणि वहिनी तोंड उघडायच्या आत स्वतःच ते बटण दाबत सुटले. पुढचा, पुढचा, पुढचा.

हे मला मागाहून कळलं. मी तेव्हा माझ्या चष्म्याच्या दुकानात होते. फोन वाजला. 'तुमची पाळी आली आहे. त्वरित यावे. तक्रार: अक्कलदाढ किडली आहे.' खाली वहिनीच्या दवाखान्याचं नाव. माझी अक्कलदाढ! तिला फोन लावला तर बंद. मी गिऱ्हाइकाला तसंच आरशापुढे सोडून तणतणत दवाखाना गाठला.

तिथे भाऊ, त्याचे मामेसासरे, आमची धाकटी मावशी, सगळी हातात फोन घेऊन एकाच वेळी बोलत होती. आत खुर्चीवर वहिनीचे बाबा आडवे झालेले. तोंडातली कवळी काढून हातात धरलेली. डॉक्टर कपाळाला हात लावून उभे.

"काका, तुमच्या मेसेजात लिहिलंय समोरचा दात हलतो. तुम्हाला एक तरी दात आहे का?" मी म्हटलं.

"नशेल," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "पण पोरीनं बोलावलंय ना?"

मला त्यांच्यावर पुढे रागावताच आलं नाही.

डॉक्टरांकडे वहिनीच्या कॉलेजातल्या, प्रोजेक्ट बघणाऱ्या मॅडमचा नंबर होता. फोन लागला, स्पीकर चालू करून डॉक्टर कडाडले, "तुमच्या विद्यार्थिनीने माझा दवाखाना लग्नघर करून टाकलाय!" मॅडमनी फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिला. मग एक पुरुषी आवाज आला. परीक्षकांचा. "कोण कोण आलंय? मेसेज कुठल्या क्रमाने आले? वाचून दाखवा." डॉक्टरांनी चिडत चिडत एकेकाचा फोन घेऊन वेळ आणि नाव वाचलं.

"मी दाबलं त्याच क्रमाने," परीक्षक म्हणाले. मग आवाज चढला. "बाई, चाचणीला खऱ्या माणसांचे नंबर? पहिल्या वर्षाला शिकवतो हे! याचे गुण कापणार." मागून वहिनीचा बारीक आवाज आला, "म्हणजे बाकीचे मिळाले का, सर?" मिळाले होते. भावाने मामेसासऱ्यांना मिठी मारली, का ते त्यांना कळलं नाही.

वहिनी कॉलेजातून थेट दवाखान्यात आली, सगळ्यांची माफी मागायला. आम्ही तिला बोलूच दिलं नाही. बाबा मात्र अजून खुर्चीतच होते. डॉक्टरांनी दोनदा उठवून पाहिलं होतं. तिला बघून त्यांनी फोन पुढे केला.

"तू तिथं, मी घरी. मधे तार नाही, काही नाही. हे आलं कशं? आत नेमकं काय चालतं?"

 वहिनीने डॉक्टरांचं स्टूल ओढलं, पदराने डोळे पुसले आणि त्यांच्याजवळ बसली. "बाबा, आधी बटण दाबलं की..."

"थांब," कवळी बसवत ते म्हणाले. "घाई करू नकोस. बटण कशाचं, तिथपासून सांग."