रोह्याच्या धवल्यात माझं नाव

पेणला लोक गणपती आणि पोह्याचे पापड आणायला जातात. मी गेलो हिप-हॉप ऐकायला, तेही नव्वदच्या दशकात. तेव्हा मी मुंबईतल्या एका साप्ताहिकात संगीतावर सदर लिहायचो. मावसभावाने अमेरिकेहून आणलेल्या तीन कॅसेट ऐकल्या होत्या, त्यामुळे या विषयातला ऑफिसचा तज्ज्ञ मीच. एके दिवशी पोस्टाने एक कॅसेट आली, वर बॉलपेनने लिहिलेलं: 'आगरी रॅप, भाग १'. पहिल्यांदा ऐकताना मी पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही, आणि त्याचा मला रागच आला. संपादक म्हणाले, "जाऊन या दोन दिवस. एसटीने."

शनिवारी सकाळी निघालो. पनवेल सुटलं की ट्रेलरच्या मागे मागे जायची तयारी ठेवा आणि खिडकीची जागा डावीकडची धरा, ऊन कमी लागतं असं कंडक्टर म्हणाला. ते खोटं होतं. पेणला रामवाडीत उतरलो, तर कॅसेटवाला प्रकाश न्यायला आला होता. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तो नागोठण्याजवळच्या एका कंपनीत शिफ्ट करायचा. गाण्यापायी नोकरी सोडली, त्या दिवसापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते.

त्याचा स्टुडिओ म्हणजे एका मंडपवाल्याचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लग्नाच्या कनाती लावलेल्या, लाल-पिवळ्या, हळदीच्या डागांसकट. यंत्र एकच, दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर. लग्नातल्या खालूबाजाच्या ढोलाचा दोन सेकंदांचा तुकडा उचलायचा, पॉज दाबायचा, कॅसेट मागे घ्यायची, तोच तुकडा पुन्हा. असं शंभरदा केलं की ठेका तयार. पॉजच्या बटणावरचा रंग उडून गेला होता.

मी वही काढून तज्ज्ञासारखं विचारलं, "तुमच्यावर प्रभाव कोणाचा?"

"शिफ्टच्या भोंग्याचा," प्रकाश म्हणाला. "सा वर्सं ऐकला. अजून कानातून जात नाय."

मी ते लिहून घेतलं आणि पुढे कंसात 'विनोद' असं लिहिलं. मग त्याने ठेका लावला. भोंगा त्यात होता.

दुपारी जोह्याला गेलो. पेणहून एसटी आहे, पण वेळापत्रकावर विसंबू नका. तिथे गणपतीच्या कारखान्यात दिलीप मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो, आणि प्रकाशच्या गाण्यांतलं रॅप त्याचंच. एवढ्या लांब ओळी एका दमात कशा म्हणतो, असं विचारल्यावर त्याने कुंचला दाखवला. "डोला आखताना दम सोडला तं हात हलतो. बाप्पा तिरला बघतो." रॅपचा असा रियाज मी कुठल्याही परदेशी मासिकात वाचला नव्हता. त्याच्या घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाचं कालवण झालं. माझी टीकाकाराची धार तिथेच बोथट झाली.

रविवारी आम्ही तिघे रोह्याकडे निघालो, टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर. काम अवघड होतं. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने प्रकाशला सांगितलं होतं की गाण्यात बाईचा आवाज घाला आणि सोमवारी आणून द्या, नाहीतर विसरा. प्रकाशला हवा होता हिराबाईचाच आवाज. खाडीकाठच्या एका गावातली ही धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. ती नाही म्हणाली असती, तर प्रकाशला पुन्हा त्या भोंग्याखाली जावं लागलं असतं, तेही तिथल्यांनी परत कामावर घेतलं तर.

हिराबाई नाही म्हणाली नाही. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "नवरा कोन हाय?"

"नवरा नाय गो हिराबाय, कॅसेट हाय," प्रकाश म्हणाला.

"नवऱ्याचा नाव नाय, नवरीचा नाव नाय, तं गाऊ कोनाला? रिकामा धवला मी नाय गात."

"माजा नाव घाल."

"तुजा लगीन मीच लावलाय. दुसरी करतंस काय?"

दिलीपचं लग्नही तिनेच लावलेलं. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लग्नसंस्थेच्या विरोधात दोन लेख लिहिलेला, चौतिशीतला अविवाहित माणूस. प्रकाशचा तो चेहरा बघवेना. म्हणालो, "अरुण."

"नवरी?"

कुठलंही नाव चाललं असतं. माझ्या तोंडून आलं, "शुभदा." आमच्या ऑफिसातली मुद्रितशोधक. हे नाव मी तोवर कोणापाशीही असं उच्चारलं नव्हतं. माझे कान तापले.

हिराबाईने मला नीट न्याहाळलं. "खरा हाय," ती म्हणाली आणि डोळे मिटून गायला लागली. माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

सोमवारी कॅसेट मुंबईला कंपनीकडे पोचली. दोन महिन्यांत ती पेण ते रोहा प्रत्येक हळदीत वाजत होती. प्रकाशने पॉज नेमका नावांवर दाबला होता, 'अरून-शुभदा, अरून-शुभदा', सोळा वेळा. आज त्याचा खरा स्टुडिओ आहे, मुंबईचे लोक त्याची वेळ मागतात, आणि वडील तिथे येऊन चहा कसा करावा हे सगळ्यांना शिकवतात.

मी परीक्षण लिहिलं. त्यात म्हटलं, 'गाण्यातली वधूवरांची नावे काल्पनिक आहेत.' प्रूफ परत आलं तेव्हा 'काल्पनिक' या शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात शुभदाच्या अक्षरात एकच शब्द: 'खात्री?'

पुढच्या वैशाखात दादरला आमचं लग्न झालं. हिराबाई आली, पोटभर जेवली, शुभदाच्या तोंडावरून हात फिरवला. मी म्हटलं, "एक धवला होऊ दे."

"कशाला?" ती म्हणाली. "तुमचा लगीन मी मागंच लावलाय."